भांड्यावरचे नाव : राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या निमित्ताने

१

जुन्या वस्तूंच्या संग्रहाविषयी मराठीत जे लेखन आढळते ते बहुतांशी संग्राहकाच्या गौरवाचे असते. त्याने किती पायपीट केली, कोणती वस्तू कोणत्या अवचित प्रसंगी हाती लागली, तिच्यापायी पदरचे किती गेले, याचे वर्णन त्यात असते आणि ते वाचनीयही असते. परंतु संग्रह ही एक कृती आहे. तीत निवड आहे, मांडणी आहे, काहींचा स्वीकार व काहींचा त्याग आहे. म्हणून एखाद्या काव्यसंग्रहाचे परीक्षण आपण ज्या कसोट्यांनी करतो त्यांपैकी काही कसोट्या वस्तुसंग्रहासही लावून पाहाव्यात, हा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत टिपणात तसा एक प्रयत्न करावयाचा आहे.

त्यासाठी पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे उदाहरण घेतले आहे. ही निवड दोन कारणांनी केली. एक, हा संग्रह मुख्यतः नित्याच्या घरगुती वस्तूंचा आहे. आणि दोन, तो जमविणारा मनुष्य मराठी कवी होता. विचारावयाचा प्रश्न असा की, घरात वापरली जाणारी वस्तू घराबाहेर पडून संग्रहात येते तेव्हा तिच्याबरोबर काय येते आणि मागे काय राहते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना संग्रहाइतकाच वस्तू टाकून देण्याचाही विचार करावा लागेल.

२

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. व्यवसाय चष्म्यांच्या दुकानाचा. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि पुढे अनेक दशके हा उद्योग पत्नी कमलाबाई यांच्या साथीने अखंड चालविला. संग्रहातील वस्तूंची संख्या २०,०००हून अधिक सांगितली जाते. त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तू प्रेक्षकांस पाहावयास मिळतात. हा सर्व संचय त्यांनी हयातीतच महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

केळकरांच्या निवडीचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी त्या काळी संग्राह्य म्हणून काय मानले जात होते ते आठवावे. नाणी, ताम्रपट, शस्त्रे, मूर्ती, दप्तरे. म्हणजे राजाची, देवाची आणि कारभाराची वस्तू. केळकरांनी मस्तानी महालाचे अवशेष कोथरूडहून आणून संग्रहालयात उभे केले हे खरे. परंतु त्यांचे खरे लक्ष माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांकडे होते. दिवे, अडकित्ते, पानदाने, दौती, कुलुपे, करंडे, शेवयांचे साचे, केसांना तेल लावता यावे म्हणून पोटात तेल साठविणाऱ्या फण्या, पाय घासण्याच्या वज्री, जुन्या घरांची दारे आणि खिडक्या यांचा हा संसार आहे. ज्या वस्तूंकडे घरातले माणूसही दोनदा पाहत नाही त्या वस्तूंस पाहण्याजोगे ठरविणे, हीच मुळात एक टीकात्मक कृती होती.

ही निवड कवीची आहे, हे केवळ चरित्रातील माहितीवरून म्हणत नाही. वस्तूंवरूनच ते कळते. अडकित्त्याचे उदाहरण घ्यावे. दोन पाती आणि त्यांस जोडणारी एक खीळ, एवढाच त्याचा सांगाडा. सुपारी फुटली पाहिजे, हे त्याचे बंधन. कारागिराने त्या सांगाड्यातून पक्षी काढला, घोडा काढला, स्त्रीपुरुषांची जोडी काढली, तरी पाते मिटण्याची जागा आणि मुठीचा जोर यांना धक्का लावता येत नाही. वज्रीचेही तसेच आहे. तळ खरबरीत असला पाहिजे आणि वरचा भाग ओल्या हातात नीट बसला पाहिजे. मग त्या वरच्या भागाचा पक्षी होवो किंवा प्राणी. छंदाचे बंधन पाळून अर्थ फुलविणाऱ्या कवीस या वस्तूंची ओढ वाटावी, यात नवल नाही. उपयोगाची मर्यादा न सोडता जी वस्तू उपयोगाच्या एक पाऊल पुढे गेली आहे ती केळकरांनी उचलली, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा गुण संख्येचा. एक अडकित्ता पाहिला तर ती कुतूहलाची वस्तू होते. शेजारी शेजारी मांडलेले अनेक पाहिले म्हणजे ती एक परंपरा होते. एकाच ओवीचे निरनिराळ्या गावचे पाठ समोर ठेवले असता मूळ घाट कोणता आणि भर कोणती हे जसे उमगते, तसे या कपाटांपुढे होते. संग्राहकाच्या संचयाची ही हाव अभ्यासकाच्या दृष्टीने उपकारक ठरली आहे.

३

परंतु जो गुण तोच मर्यादाही होय. उत्तमोत्तम कवितांची निवड म्हणजे भाषेचा इतिहास नव्हे. सामान्य घरातला अडकित्ता साधा, लोखंडी, मुठीला झिजलेला असे. तपेल्याला तळाशी डाख दिलेला असे. घागरीचा गळा पोचलेला असे. पाट्याला मध्ये खळगा पडलेला असे. वस्तू किती वर्षे आणि कशी वापरली गेली याचा पुरावा या झिजेत व डागडुजीत असतो. सौंदर्याच्या कसोटीवर निवड करणाऱ्या संग्रहात या वस्तूंस जागा मिळणे अवघड. परिणामी असे संग्रह पाहून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचा ग्रह असा होण्याचा संभव असतो की, आपल्या पणज्या मोराच्या दिव्याखाली बसून नक्षीच्या अडकित्त्याने सुपारी कातरीत असत.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, आणि ती एकट्या केळकर संग्रहालयाची नसून वस्तुसंग्रहालयांच्या सर्वमान्य रीतीची आहे. कपाटातल्या वस्तूजवळच्या चिठ्ठीवर सामान्यतः वस्तूचे नाव, धातू, प्रदेश आणि शतक एवढे असते. ती कोणत्या घरातून आली, कोण वापरीत होते, त्या घरी तिला काय म्हणत, घराने ती का सोडली, हे प्रेक्षकास कळत नाही. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी गावोगाव हिंडून जे कागद मिळविले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या २२ खंडांत जे प्रसिद्ध होत गेले, त्यांचे तसे नव्हते. कागद आपली तिथी, धनी आणि प्रयोजन बहुधा स्वतःच सांगतो. पितळेचे भांडे मुके असते. त्याच्या वतीने कुणीतरी बोलावे लागते, आणि ते बोलणारे माणूस भांडे घराबाहेर पडताना उंबऱ्याशीच मागे राहते.

धान्याच्या मापांवरून हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलांना तोंडपाठ असे. १९५६च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धती आली आणि हळूहळू ही मापे कोठीतून माळ्यावर, माळ्यावरून बाजारात गेली. आज एखादे कोरीव मापटे कपाटात सुरक्षित असते; परंतु चिपट्याशी आणि शेराशी असलेले त्याचे नाते कपाटात ठेवता येत नाही. व्याकरण हरवलेल्या भाषेतील एखादा सुटा शब्द जसा, तसे ते मापटे. उलट दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२–३८) घरगुती वस्तूंची शेकडो नावे अर्थासह आहेत, पण वस्तू डोळ्यांपुढे नाही. कोशात शब्द उरला, संग्रहालयात वस्तू उरली. दोहोंना जोडणारा हात दोन्हीकडे नाही.

हा हात टिपता येतो, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याकडे आहे. दळणाची जाती घरोघरी बंद पडत असताना गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने २०१७पासून त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. या संकलनाचे वैशिष्ट्य असे की, ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे. संग्रहालयातील जाते पाहून दगड कळतो. या संकलनावरून तो फिरविणारी कळते. शब्दांच्या बाबतीत जे साधले ते वस्तूंच्या बाबतीत साधणे अशक्य मानण्याचे कारण नाही.

४

किंबहुना वस्तू सर्वस्वी मुक्या असतात, हे विधानही थोडे सुधारून घेतले पाहिजे. तांब्यापितळेच्या भांड्यांचा एक फार मोठा वर्ग बोलका आहे, आणि मराठीच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही. भांड्यांवर घातलेली नावे हा तो वर्ग होय.

नवे भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची चाल महाराष्ट्रात सार्वत्रिक होती. बारीक छिन्नी आणि हातोडी यांनी ठिपक्याठिपक्यांची अक्षरे काठावर किंवा पोटावर उठविली जात. मूळ हेतू व्यावहारिक. पंगतीच्या वेळी आळीतल्या घरांची भांडी एकत्र होत. ती ज्याची त्यास परत मिळावीत म्हणून खूण हवी. परंतु भांडी विकत घेतली जात ती बहुधा लग्नात, मुंजीत, बारशाला किंवा कुणाच्या स्मरणार्थ देण्यासाठी. त्यामुळे साध्या खुणेच्या ठिकाणी एक छोटासा लेख तयार झाला. कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी, कधी. ‘चि.’, ‘सौ.’, ‘कै.’, ‘यांजकडून’, ‘हीस’, ‘स्मरणार्थ’ ही त्याची ठराविक सामग्री. घालणारा अक्षरामागे मजुरी घेई, तेव्हा शब्दांची काटकसर आपोआप होई. मराठी गद्याचा याहून आटोपशीर प्रकार क्वचितच सापडेल.

या लेखांचे मोल तीन प्रकारचे आहे. भाषेच्या दृष्टीने पाहता, नातेदर्शक व आदरदर्शक रूपे, विभक्तिप्रत्यय, नावांची घरगुती उच्चारांनुसारी रूपे यांत टिकून आहेत. छापखान्याच्या मुद्रितशोधकाचा हात त्यांवरून फिरलेला नाही. समाजेतिहासाच्या दृष्टीने पाहता, आहेर कुठल्या नात्यातून येई, भाऊ काय देई आणि मावशी काय देई, याची ती नोंद आहे. तिसरे मोल मला सर्वांत मोठे वाटते. जमिनीच्या आणि वतनाच्या कागदांत बायकांची नावे विरळ, घराण्याच्या वंशावळीत तर बहुधा नाहीतच. पण भांड्यांवर ती विपुल आहेत. घर आणि शेत पुरुषांच्या नावे असलेल्या समाजात हंडा, कळशी, घंगाळ आणि तांब्या बाईच्या नावे होता. तिचे नाव ज्यावर लिहिले गेले अशी अनेकदा ती एकच टिकाऊ वस्तू होती.

आता येथे एक विरोध उत्पन्न होतो. सौंदर्यासाठी जुनी वस्तू घेणाऱ्या गिऱ्हाइकास हे नाव नको असते. त्यास घाट हवा, नक्षी हवी, जुनेपणाची झाक हवी. काठावरचा दुसऱ्याच्या मावशीचा उल्लेख त्यास खटकतो. अभ्यासकाचे उलट आहे. नाव असलेले साधे घंगाळ त्याच्या दृष्टीने नाव नसलेल्या नक्षीदार घंगाळापेक्षा अधिक मोलाचे. संग्रहाची कसोटी बदलली की मूल्यांची उतरंड कशी बदलते, याचे हे ठळक उदाहरण होय.

५

वस्तू हातावेगळी करण्याच्या ज्या रीती आपल्या समाजात आहेत त्यांकडे आता वळू. जुने कपडे बोहारणीकडे जातात आणि त्यांच्या बदल्यात भांडे येते. तांबे आणि पितळ मोडीत जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी स्टेनलेस स्टील आले. त्यास कल्हई लागत नाही, चिंच लावून घासावे लागत नाही, आंबट पदार्थ कळकत नाहीत. गृहिणीचे कष्ट त्यामुळे कमी झाले, हे विसरून पितळेसाठी हळहळणे हा शुद्ध भावविवशपणा होईल. ज्याने कधी पिंपभर भांडी राखेने घासलेली नाहीत त्यालाच ही हळहळ सोपी वाटते. भांडी मोडीत गेली यात घरांचा दोष नाही.

कायदाही येथे उपयोगी पडत नाही. १९७२च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याने सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखितादी कागदांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. आजीच्या लग्नातला तांब्या या व्याख्येत बहुधा बसत नाही. बसला तरी तो मोडीत जाण्यापासून वाचविण्यास घरी कुणी येणार नाही. जुन्यास सोने म्हणणारी म्हण आपल्याकडे आहे खरी. मोडीच्या दुकानातील काट्यावर मात्र जुने ते वजन, एवढाच न्याय चालतो.

या ठिकाणी एक घरगुती अनुभव नमूद करण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. प्रस्तुत लेखकाच्या घरी न्हाणीघरात एक पितळी घंगाळ होते. त्याच्या काठावर एक ओळ कोरलेली होती. जुने घर सोडून सदनिकेत जाण्याचे ठरले तेव्हा इतर भांड्यांबरोबर ते मोडीत दिले. वजन झाले, घट धरली गेली, पैसे मिळाले. व्यवहारात कुणाचीही लबाडी नव्हती. काही महिन्यांनी सहज बोलताना आईने विचारले, “त्याच्यावर मावशीचं नाव होतं ना रे? पुढं काय लिहिलं होतं?” मला सांगता येईना. “वीस वर्षं त्यातून आंघोळ केलीस आणि वाचलं नाहीस?” एवढेच ती म्हणाली. ही आईची मावशी बालविधवा. भावाच्या घरी राबून साठविलेल्या पैशांतून तिने भाचीच्या लग्नात ते घंगाळ दिले होते. घराण्याच्या छापील वंशावळीत तिच्या भावांची नावे आहेत, तिचे नाही. छायाचित्रही नाही. मराठीचा अध्यापक म्हणविणाऱ्या माणसाने ज्याच्यासाठी दोन मिनिटेही दिली नाहीत असा तो तिचा एकमेव लेख होता.

या प्रसंगातील चूक घंगाळ विकण्यात नव्हती, असे आजही वाटते. दोन खोल्यांच्या घरात ते ठेवावयास जागा नव्हती. चूक ते न वाचता विकण्यात होती. टाकणे आणि हरविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. वाचून, टिपून, मोजून जी वस्तू आपण सोडतो ती टाकलेली असते. जी नुसतीच सोडतो ती हरवते.

६

आता केळकर संग्रहालयाकडे परत येऊन निष्कर्ष मांडता येतील. या संग्रहाने घरगुती वस्तूस दर्शनीय ठरविले, हे त्याचे पहिले आणि ऐतिहासिक महत्त्वाचे कार्य. त्या काळी एका चष्म्याच्या दुकानदाराने स्वतःच्या मिळकतीतून हे काम केले नसते तर आज ज्या वस्तूंवरून आपण टीका करीत आहो त्या केव्हाच वितळून गेल्या असत्या. तेव्हा वर नोंदविलेल्या मर्यादा दोषारोप म्हणून न घेता पुढील कामाची दिशा म्हणून घ्याव्यात. त्यांनी वस्तू वाचविली. वस्तूबरोबरचे माणूस वाचविण्याचे काम अद्याप बाकी आहे, आणि ते संग्राहकापेक्षा अभ्यासकाचे आहे.

या कामास मोठी इमारत किंवा मोठे अनुदान लागत नाही. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील आणि आप्तांच्या घरातील भांड्यांवरचे लेख जसेच्या तसे, अशुद्धांसह, उतरून घ्यावेत. भांड्याचे घरात रूढ असलेले नाव, माप, वजन, ते कोणी दिले, कोण वापरीत होते, त्यावर डाख किंवा पोचा कोठे आहे, ते शेवटचे केव्हा वापरले गेले आणि पुढे कोठे गेले, एवढे त्याखाली लिहावे. मग भांडे ठेवावे किंवा खुशाल द्यावे. सर्वच ठेवू पाहणाऱ्याचे घर अडगळीचे होते. भालचंद्र नेमाडे यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीच्या नावातच ‘अडगळ’ या शब्दास ‘समृद्ध’ हे विशेषण जोडले आहे. परंतु अडगळ समृद्ध ठरते ती तिच्याकडे पाहणारा व नोंदणारा असला तरच.

शेवटी संग्रहालयाच्या नावाविषयी. बाहेरगावच्या पुष्कळ प्रेक्षकांचा समज असा होतो की, ‘राजा’ ही दिनकर केळकरांची पदवी असावी. वस्तुतः राजा हे त्यांच्या मुलाचे नाव. तो बालवयातच गेला. हजारो वस्तू जमविणाऱ्या या माणसाने त्या सर्व सोडून देताना संपूर्ण संग्रहावर एकच नाव घातले, आणि तेही मुलाचे, बापाचे व आडनाव अशा रूढ क्रमाने, भांड्यावर घालतात तसे. संग्रहालयाची पाटी वाचताना आपण वास्तविक एक स्मरणार्थाचा लेखच वाचीत असतो. कपाटातल्या वस्तूंवर आणि आपापल्या घरच्या माळ्यावर असे आणखी किती लेख न वाचलेले पडले आहेत, याचा शोध घेण्याइतका वेळ अजून आपल्या हाती आहे. मात्र तो फार नाही.